कान बंद करून

समावेशकतेच्या पुरस्काराचा आता नियमच होता: परीक्षकांनी खुणांची भाषा शिकायची आणि पाहणीच्या दिवशी कान बंद ठेवायचे. मानेवर पट्टी चिकटवली की आवाज जायचा, काढली की परत यायचा.

परीक्षक सुनेत्रा केळुसकरांनी असे कान बंद ठेवून दोन प्रकल्प पाहिले. बोलणं पडद्यावर उमटवणारी यंत्रं झकास होती, पण माणसं यंत्राशीच बोलत होती. ती पट्टी कधी एकदा निघते, असं त्यांना झालं होतं.

तिसरा प्रकल्प म्हणजे अलिबागकडचा मासळीबाजार. इथं यंत्रच नव्हतं. बाजारातल्या सगळ्या कोळणी हातांनी बोलायला शिकल्या होत्या.

बांगडा शिळा आहे, अशी खूण सुनेत्राबाईंनी केली मात्र, धर्मीबाईंनी कोयता बाजूला ठेवला आणि हात मोकळे केले. ‘माशाचे डोळे बघ, बाय. तुझ्यापेक्षा ताजे आहेत.’

शेजारणी पोट धरून हसल्या. सुनेत्राबाईही इरेला पेटल्या.

बऱ्याच वेळानं संयोजकांनी त्यांच्या खांद्याला हात लावला आणि पट्टीकडे बोट दाखवलं. पाहणीची वेळ कधीच संपली होती.

सुनेत्राबाईंनी मान बाजूला घेतली आणि घाईघाईनं बोटं हलवली.

‘थांबा हो. आधी हिला उत्तर देऊ दे.’