बब्बू, मागं!

"गद्दार! गद्दार!"

ताबीशच्या हातात चेंडू आला रे आला, की किल्लेदार बॉईजची पोरं पाय आपटून बोंबलायची. गेल्या वर्षी याच पोरांनी त्याला खांद्यावर घेऊन नाचवलं होतं. यंदा त्याच्या अंगात रणदिवे बॉईजची हिरवी जर्सी होती, आणि फायनल किल्लेदारांच्याच मैदानात. सोलापुरातल्या या दोन शाळा वर्षभर एकमेकींचं तोंड बघत नाहीत. बघतात ते फक्त बास्केटबॉलच्या शिल्डला, तेही खाऊ की गिळू अशा नजरेनं.

दिग्विजयचं तर डोकंच सणकलं होतं. किल्लेदारांचा कॅप्टन तो. दोन वर्षं ताबीशच्या जोडीनं खेळला, सुट्टीत त्याच्याच घरी पडीक असायचा, आणि या गड्यानं शाळा बदलली ते एका शब्दानं सांगितलं नाही! जूनमध्ये बाक रिकामा दिसला तेव्हा कळलं. मॅचच्या आधी ताबीशनं हात पुढं केला होता.

"हात मिळव की बे, दिग्या."

"तुझ्या रणदिवेवाल्यांशी मिळव," दिग्विजय म्हणाला आणि हात मागं घेतला.

हे सगळं कडेच्या खुर्चीवरून जुलेखाचाची बघत होत्या. ताबीशची आई. मांडीवर मोठा डबा. मघाशी फाटकातच त्यांनी दिग्विजयला गाठलं होतं. "झगडा बाद में. मॅच होने दे, फिर दोनो मिलके खाव." दिग्विजयनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं होतं.

टाइमआऊटला किल्लेदारांच्या कोचनं, महिपती सरांनी, दिग्विजयचा दंड आवळला. संघ एका गुणानं मागं होता, दहा-बारा सेकंदांचा खेळ उरला होता.

"शिल्ड हितनं बाहेर गेली तर मला तोंड दाखवू नको. त्या पोराला तुझ्याइतकं कुणी ओळखतं का? मग वापर की ते!"

शिट्टी वाजली. चेंडू ताबीशकडेच आला. त्याला आता काही करायचं नव्हतं, नुसता वेळ काढायचा होता. मधल्या रेषेजवळ किल्लेदारांची दोन पोरं त्याला चिकटली. एकानं बरगडीत कोपर घातलं, दुसरा कानाशी शिव्या घालत होता. ताबीश वाकला, चेंडू पोटाशी धरला, इकडंतिकडं बघायला लागला. गोंगाट असा की स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येईना.

अशाच गोंगाटासाठी दिग्विजय आणि ताबीशनं पूर्वी एक युक्ती काढली होती. 'पास दे, पास दे' सगळेच ओरडतात. म्हणून दिग्विजय त्याला घरच्या नावानं हाक मारायचा. शाळेत कुणालाच ते नाव माहीत नव्हतं. ते नाव ऐकलं की ताबीशनं वळून बघायचं नाही, विचार करायचा नाही, चेंडू सरळ मागं सोडायचा. दोन वर्षांत एकदाही चेंडू चुकला नव्हता.

दिग्विजय त्याच्या पाठीमागं सरकला.

"बब्बू, मागं!"

चेंडू आला. न बघता, खांद्यावरून, अगदी त्याच्या छातीशी. पुढं रणदिवेंची बास्केट मोकळी होती. दिग्विजय एकटाच पळाला, चेंडू टाकला आणि शेवटची शिट्टी वाजली.

मग जो काय दंगा झाला! पोरं मैदानात घुसली. महिपती सरांनी त्याला उचललंच. "शाब्बास, माझ्या वाघा! काय ओरडलास रे त्याला?"

"काही नाही, सर."

पलीकडं रणदिवेंच्या कोचनं ताबीशची कॉलर धरली होती. "सरळ त्याच्या हातात दिलास? जुन्या शाळेला मॅच विकलीस, लाज नाही वाटली?" हिरव्या जर्सीतली पोरं त्याच्याभोवती जमली. एकानं ढकललं. दुसरा त्याच्या बुटांवर थुंकला.

 ताबीश नुसता दिग्विजयकडं बघत होता. दिग्विजयनं चार पावलं जाऊन एवढंच सांगायचं होतं, की हाक मी मारली, मी फसवलं त्याला. त्याला ते कळत होतं. पण त्याच्या हातात शिल्ड आली, कुणीतरी गुलाल उधळला, आणि तो फोटोला उभा राहिला. 

फोटो संपले तेव्हा ताबीश आईबरोबर फाटकाकडं निघालेला दिसला. जर्सी काढून त्यानं मुठीत चुरगळली होती. चाचींच्या हातात डबा तसाच होता, झाकणाची कडी लावलेली. दिग्विजयनं शिल्ड कुणाच्यातरी हातात कोंबली आणि गर्दी ढकलत पळाला.

"बब्बू!"

ताबीश थांबला नाही. त्याची चालही बदलली नाही.

"बब्बू, थांब की रे! बब्बू!"

थांबल्या त्या जुलेखाचाची. वळल्या. गुलालानं माखलेल्या त्या पोराला त्यांनी वरपासून खालपर्यंत बघितलं, दारात भलतंच कुणी आल्यावर बघावं तसं.

"किसकू बुलारा, बाबा? उसका नाम ताबीश है."