पलीकडचा वीरेश

हैदराबादच्या विमानतळावर, फर्स्ट क्लासच्या लाउंजमध्ये वीरेश बसला होता. कंपनीनं तिकीट काढून दिलं होतं. कॅनडाला कायमचं जायचं होतं. देगलूरला एकटी राहणारी आई, नीलाबाई, तिला मात्र तो 'दोन दिवसांत येतो' असं सांगून निघाला होता. ओट्यावर उभी राहून हात हलवणारी आई काही केल्या डोळ्यांसमोरून जाईना.

समोर गरम जेवण आलं, पण त्यानं ते बाजूला सारलं. निदान आता तरी खरं सांगावं, म्हणून त्यानं घरी फोन लावला.

"अव्वा, मी वीरेश बोलतोय."

"कोन वीरेश?" आई हसली. "माझा वीरेश तर हितं जेवाय बसलाय की. अर्ध्या वाटंतनं माघारी आला. 'अव्वा, तुला सोडून जावं वाटंना' म्हनला."

तिला कुणीतरी कॅनडाचं सांगितलं असणार, म्हणून ती असं टोचून बोलतेय, असं त्याला वाटलं. तो माफी मागणार, एवढ्यात पलीकडं ताटाचा आवाज झाला. कुणीतरी घसा खाकरला. अगदी त्याच्यासारखा.

मग त्याचाच आवाज हळू आला, "भाकरी वाढ गं, अव्वा. आन् त्याला सांग, तू जा म्हनावं. मी हाय हितं."