जेवणाआधीची प्रार्थना

"मला दोन मिनिटं बोलायचं होतं, मॅडम. तसं ठरलं होतं," लोर्पू म्हणाली.

"ठरलं होतं गं, पण कार्यक्रम लांबलाय." डीन ब्रेक्केबाईंनी हातातल्या कागदावरची एक ओळ खोडली. "त्यापेक्षा तू जेवणाआधीची प्रार्थना म्हण. तुमच्या भाषेत. लोकांना फार आवडेल."

"मग नेस सरांच्या वर्गाबद्दल कोण बोलणार?"

"अगं, तो बंद कुठे होतोय? त्याची विविधतेची कार्यशाळा होतेय. एका दुपारची, सगळ्यांना सक्तीची. उलट जास्त मुलांपर्यंत पोचेल." बाईंनी लोर्पूच्या काळ्या स्वेटरकडे पाहिलं. "तुमचं ते रंगीत कापड नाही आणलंस?"

आणलं नव्हतं. शेवटी आईनं आपल्या खांद्यावरचं काढून तिच्या कमरेला गुंडाळलं.

विद्यापीठ लुथरन या ख्रिस्ती पंथाचं. नॉर्वेहून मिनेसोटात आलेल्या शेतकऱ्यांनी उभारलेलं, आणि अजून त्यांच्याच नातवंडा-पतवंडांच्या देणग्यांवर चाललेलं. वर्षातून एकदा विविधतेची मेजवानी व्हायची. प्रत्येक टेबलावर एकेका देशाचा छोटा झेंडा. लोर्पूच्या आईच्या टेबलावर लायबेरियाचा होता. पट्टे लाल-पांढरे, चांदणी एकच. मघाशी एक स्वयंसेवक तो उचलून घेऊन गेला. त्याला वाटलं, अमेरिकेचाच चुकून इथे आला असेल.

"राहू दे," आई म्हणाली. "भाजी तर ओळखतील." कसाव्याच्या पाल्याचं मोठं पातेलं ती मांडीवर धरून, दोन बस बदलून घेऊन आली होती.

"मी प्रार्थना म्हणणार नाही, मा. मी वर्गाबद्दल बोलायला आले होते."

"प्रार्थनेला नाही म्हणू नये, पोरी."

मागच्या बाजूला नेस सर एकटेच बसले होते. धर्माचा इतिहास शिकवण्यात त्यांची हयात गेली. जूनमध्ये विभागच बंद होणार होता. "विश्वस्तांसमोर तुमच्यापैकी कुणीतरी बोला," असं त्यांनी मुलांना सांगितलं होतं. "मी बोललो तर म्हणतील, म्हातारा पोटासाठी रडतोय." लोर्पूनं हात वर केला होता. तिच्या गावच्या क्पेले भाषेत, येशूनं शिकवलेल्या प्रार्थनेत, रोजची भाकर मागत नाहीत, रोजचा भात मागतात. त्या एका शब्दावर सरांनी अख्खा तास घेतला होता. भाषा बदलली की देवाकडे काय मागायचं तेही बदलतं का, असं विचारून त्यांनी वर्गाला भांडायला लावलं होतं. तो तास तिला विश्वस्तांना सांगायचा होता.

आता तिला माईकसमोर उभं केलं होतं. तिनं सरांकडे पाहिलं. त्यांनी खांदे उडवले.

मग तिनं तीच, रोजच्या भाताची प्रार्थना म्हणायचं ठरवलं. अक्षरं शिकायच्या आधी आईनं शिकवलेली. पणजोबांचा बाप्तिस्मा झाला तेव्हापासून घरात रोज म्हटली जाणारी. तिनं मान खाली घातली, डोळे मिटले आणि सुरुवात केली.

मध्येच तिला कसलीशी चाहूल लागली. डोळे किलकिले केले तर समोर सगळे डोळे उघडे. माना ताठ. कितीतरी हातांत फोन वर धरलेले. एकटी तिची आई मान झुकवून बसली होती.

शेवटी आमेन म्हणण्याआधी ती श्वास घ्यायला थांबली, आणि तेवढ्यात टाळ्या सुरू झाल्या. आमेन त्यात बुडून गेलं.

पहिल्याच टेबलावरच्या लिलेहाउगबाईंनी तिला खुणेनं जवळ बोलावलं. विश्वस्तांमध्ये सगळ्यात वयोवृद्ध त्याच. त्यांनी लोर्पूचा हात हातात घेतला, कापड बोटांनी चाचपलं.

"काय नाद आहे गं तुमच्या भाषेला. कुठल्या देवाची म्हणायची ही?"

"तुमच्याच," लोर्पू म्हणाली.

"किती गोड उत्तर दिलंस." बाईंचे डोळे खरंच भरून आले. त्यांनी तिला शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर बसवून घेतलं.

ब्रेक्केबाई माईकपाशी आल्या. "धन्यवाद, लोर्पू. आजच्या संध्याकाळचा अर्थच तू आम्हाला दाखवलास. आता आपण सगळे आपली प्रार्थना म्हणू या, आणि मग जेवू या."

"झाली की आत्ताच," लोर्पू मोठ्यानं म्हणाली.

हशा पिकला. पोरगी हजरजबाबी आहे, असं कुणीतरी कौतुकानं म्हणालं. मग खुर्च्या सरकल्या, खोकले थांबले, माना खाली गेल्या आणि सगळ्यांनी प्रार्थना सुरू केली. येशूनं शिकवलेली. इंग्रजीत.

लोर्पूनं डोळे मिटले नाहीत. ओळीमागून ओळ तिच्या कानावर पडत होती. पुढची कुठली येणार हे तिला माहीत होतं, कुठे श्वास घ्यायचा तेही माहीत होतं. पलीकडे नेस सर टेबलावर दोन्ही तळवे पालथे ठेवून समोर बघत बसले होते. आईचे ओठ हलत होते. ती दुसऱ्यांदा म्हणत होती, तितक्याच मनापासून. लोर्पूनं तोंड उघडून पाहिलं. शब्द फुटेना. सगळे आमेन म्हणाले, तेव्हाही ती गप्पच राहिली.

लिलेहाउगबाईंचं ते लक्षात आलं होतं. नॅपकिन उलगडता उलगडता त्या तिच्याकडे झुकल्या आणि इतर कुणाला ऐकू जाऊ नये इतक्या हळू आवाजात म्हणाल्या, "वाईट वाटून घेऊ नकोस हं. सोपी असते गं. ऐकून ऐकून तुलाही येईल."