आतमाणूस

डॅडबरोबरचा तो शेवटचा साधा दिवस. साखर कारखान्याच्या पायरीवर बसून तो खिमा भरलेला, भाजलेला मीट-पाय खात होता. ऊस चिरडणारे रोलर चालवणारा, त्याने तीस वर्षांपूर्वी लिहिलेला प्रोग्राम मी नव्या भाषेत उतरवत होते.

"ब्रॉन, नीट उतरव हं. तुमच्या नव्या भाषा म्हणजे नुसता थाट."

"तू आधी शर्टावरचा सॉस पूस."

दुपारी, प्रोग्राम यंत्राच्या भाषेत नेणाऱ्या कंपायलरने त्यातल्या सगळ्या नावांची यादी दिली; कुठलं नाव कितव्या ओळीवर वापरलंय, तेही. 'आतमाणूस' हे नाव कुठेच वापरलेलं दिसेना, म्हणून मी ते खोडलं. आत उतरणारा माणूस बाहेरची किल्ली फिरवतो, तेव्हा त्याच नावामुळे रोलर अडून राहतात. डॅडला विचारलं असतं तर कळलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॅडने किल्ली फिरवली, साफसफाईला उतरला, आणि रोलर फिरले. आधी हात गेला, मग खांदा, मग तो.

चौकशीत ठरलं, किल्ली फिरवायला तोच विसरला. नाव खोडल्याचं मी कुणाला सांगितलं नाही.

काल यादीत 'आतमाणूस' परत आलं. प्रोग्राम चार हजार ओळींचा, पण यादी म्हणते, वापर नऊ हजाराव्या ओळीवर. आज सकाळी पाच हजाराव्या. आत्ता यादी दाखवतेय ती ओळ, जिच्यावर स्क्रीनवर माझं बोट थांबलंय. ती ओळ रिकामी आहे.

कंट्रोल रूमच्या खाली रोलर फिरू लागले. त्यांत काहीतरी कडाकडा मोडत होतं.

फोरमन नेव्ह धापा टाकत दारात आला. "ब्रॉन, मेन स्विच मीच बंद केलाय. हे फिरवतंय कोण? आत कुणी नाही ना?"

"आहे," मी म्हणाले. "नेव्ह, डॅडने किल्ली फिरवली होती. त्याला मी मारलं."