शेजारचं विरजण

नीलगंध सोसायटीचे सेक्रेटरी देवतळे रिकामा कॅन घेऊन शेजारच्या सोसायटीची टाकी सांभाळणाऱ्या हेमांगीच्या दारात उभे राहिले. "ताई, आमची टाकी मेली हो. थोडं विरजण द्या."

प्रत्येक सोसायटी आता आपल्याच मैल्याचा गाळ आंबवून हायड्रोजन काढायची. दिवे, लिफ्ट, सगळं त्याच्यावर चालायचं. टाकी मेली की शेजारून चालू गाळाचं विरजण आणायचं आणि शेजाऱ्याने नाही म्हणायचं नाही, अशी रीत होती. ती देवतळ्यांनीच गेल्या उन्हाळ्यात मोडली. "आम्हालाच पुरत नाही," म्हणत त्यांनी हेमांगीचा कॅन रिकामा परत पाठवला. त्याच संध्याकाळी वीज गेली आणि तिच्या नवऱ्याचं ऑक्सिजनचं मशीन बंद पडलं.

"आई मशीनवर आहे," देवतळे म्हणाले. "बॅटरी उद्यापर्यंतच पुरेल."

"बसा ना. चहा घ्या," म्हणून हेमांगी तळघरात उतरली.

विरजणाचा गाळ आधी उकळावा लागतो. उकळला की हायड्रोजन खाणारे जंतू मरतात आणि तो बनवणारे तेवढे तगतात. हेमांगीने शेगडी पेटवलीच नाही. कच्च्या गाळाने तिने कॅन काठोकाठ भरला. नीलगंधच्या टाकीत जो काही गॅस होईल, तो आता हे जंतूच गिळणार होते.

चटका बसू नये म्हणून देवतळ्यांनी फडकं आणलं होतं. कॅन हातात घेताच ते थबकले. "गार कसा हो हा?"

"मुद्दाम निववून आणलाय," हेमांगी म्हणाली. "तुमचे हात पोळायला नकोत."