रिसीव्हर बदलून हवा

बँकेतून निवृत्त झालेले अरविंद काळकर वायफायवर गाणी वाजवणारा रिसीव्हर खोक्यात भरून पर्वत पाटियाच्या ज्या दुकानातून घेतला होता, त्याच दुकानात परत आले. "हा बदलून द्या," ते म्हणाले.

दुकानदार जयेशभाईंनी नुसतं काय झालं विचारलं, तर काका स्टूल ओढून सगळं सांगत बसले. वरच्या मजल्यावरच्या हेमराजच्या मुलींना अभ्यासासाठी त्यांनी आपला वायफाय दिला होता. त्यामुळे हा रिसीव्हर मुलींच्या फोनवरही दिसायचा, आणि चुकून बोट लागलं की त्यांचं गाणं काकांच्या हॉलमध्ये वाजायचं. दुपारी जरा डोळा लागावा, तर गरबा सुरू. कधी अहिराणीतली हळदीची गाणी, तीही पूर्ण आवाजात. मग धाकटी जिना उतरून "सॉरी आजोबा" म्हणायला यायची, बिस्किटं खायची, शाळेतलं काहीबाही सांगायची आणि मग वर जायची.

जयेशभाई हसले. "काका, वायफायनो पासवर्ड बदली नाखो, बस. रिसीव्हर शा माटे बदलवो? कशाला?"

"पासवर्ड तोच ठेवलाय," काका म्हणाले आणि त्यांनी खोका काउंटरवर पुढे सरकवला.

 

"ती मंडळी गेल्या महिन्यात शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, कोसाडला राहायला गेली. मुलींचा फोन तिथून पकडेल, असा एखादा दाखवा."