खजुरीची शिंदी

लेकीसाठी खजुरी गावचं स्थळ बघून अंबाजी घरी आला आणि ओट्यावर टेकायच्या आधीच शिंदीचं कौतुक सांगायला लागला. "आत्ताच झाडावरून उतरवलेली! काय तो फेस, काय ती गोडी! सिकंदराबादच्या छावणीत गोऱ्यांची बीर पेलोय मी, हिच्यापुढं ती घोड्याचं मूत!"

त्याच्या तोंडाला आंबूस भपकारा येत होता. नाकाला पदर लावून त्याच्या बायकोनं, राजूबाईनं विचारलं, "आन् पोरगा कसा हाय?"

"त्यो रानात गेलता. पर असली शिंदी पाजणारं घर कुणी सोडतंय व्हय? सुपारी फोडूनच आलो!"

राजूबाई अंगणाच्या कडेला जाऊन थुंकली.



तिचा बापही याच ओट्यावर मनसोक्त शिंदी पिऊन, अंबाजीला न बघताच, सुपारी फोडून गेला होता.